लाँग बीचमधला ख्मेर समाज आणि त्याचं धर्मजीवन

लाँग बीच हे कॅलिफोर्नियातलं, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला असलेलं मोठं बंदराचं शहर. कंबोडियातून आलेल्या ख्मेर लोकांची अमेरिकेतली सगळ्यात मोठी वस्ती इथे आहे असं साधारणपणे मानतात. वस्तीचा कणा म्हणजे अ‍ॅनाहाईम स्ट्रीट. त्याच्या अटलांटिक ते हुनिपेरो अ‍ॅव्हेन्यू या जवळपास दोन किलोमीटरच्या पट्ट्याला सिटी कौन्सिलने जुलै २००७ मध्ये ‘कंबोडिया टाऊन’ असं अधिकृत नाव दिलं. सोन्याची दुकानं, नूडल सूपची हॉटेलं, लग्नाचे कपडे भाड्याने देणारे, सगळं या रस्त्यावर आहे, पण समाजाची खरी घडण कळते ती त्यांच्या विहारांमधून.

‘कंबोडियाबाहेरची सगळ्यात मोठी वस्ती’ असं जे सर्रास लिहिलेलं सापडतं ते बरोबर नाही, कारण व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात आणि थायलंडच्या सुरिन, बुरिराम भागात ख्मेर बोलणारे लाखो लोक पिढ्यानपिढ्या राहतायत. ‘आग्नेय आशियाबाहेरची’ म्हटलं तर चालण्यासारखं आहे, तेही पॅरिस आणि आसपासचा परिसर एकत्र धरला नाही तर. आकड्यांचंही तसंच: २०१० च्या जनगणनेत शहरात कंबोडियन वंशाचे लोक २० हजारांच्या आसपास निघाले, समाजातल्या संस्था मात्र ५० हजार सांगतात. एकेका घरात तीन पिढ्या आणि वर नातेवाईक, इंग्रजी न येणारी म्हातारी माणसं आणि सरकारी कागदावर नाव लिहून द्यायची जुनी धास्ती, हे बघता जनगणनेचा आकडा कमीच असणार, पण ५० हजार हा जरा जास्त वाटतो.

लाँग बीचच का, हा या विषयातला सगळ्यात जास्त चर्चेचा प्रश्न. एक मत असं की १९७५ मध्ये कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह कम्युनिस्ट ख्मेर रूजच्या हाती पडल्यावर जे साधारण साडेचार हजार कंबोडियन अमेरिकेत आले, त्यातले बरेच कॅम्प पेंडलटन या मरीन तळावरच्या तात्पुरत्या छावणीत उतरले, आणि तिथून लाँग बीच तासा-दीड तासाच्या अंतरावर, म्हणून वस्ती इथे झाली. पण त्याच छावणीतून गेलेले हजारो व्हिएतनामी दुसरीकडे, ऑरेंज काउंटीत वेस्टमिन्स्टरला जाऊन वसले, मग नुसत्या जवळिकीने हे कसं समजवायचं? दुसरं मत हवामान, स्वस्त भाड्याची घरं आणि कारखान्यांतल्या नोकऱ्यांवर भर देतं; ते खोटं नाही, पण ते कॅलिफोर्नियातल्या निम्म्या शहरांना लागू पडेल. तिसरं मत विद्यार्थ्यांचं. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकी मदतीच्या कार्यक्रमातून कंबोडियातले काही तरुण इथल्या स्टेट कॉलेजमध्ये, म्हणजे आजच्या कॅल स्टेट लाँग बीचमध्ये, शिकायला आले होते. पुढे कंबोडियाचे तेव्हाचे राज्यप्रमुख सिहानुक यांनी १९६३ मध्ये अमेरिकी मदत नाकारली, १९६५ मध्ये संबंधच तोडले, तरी या पिढीतले काही जण इथे राहिले किंवा परत आले, आणि १९७५ मध्ये छावणीतल्या लोकांना स्पॉन्सर, म्हणजे त्यांची जबाबदारी घेणारं कुणी, शोधून देणं, खोली बघून देणं ही कामं त्यांनीच अंगावर घेतली. कंबोडियन असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था त्याच वर्षीची. सुझन नीडहॅम आणि कॅरन क्विंटिलियानी या मानववंशशास्त्रज्ञांनीही या आधीच्या लोकांना महत्त्व दिलंय आणि ते जास्त पटतं. माणसं ओळखीच्या माणसाकडे जातात, नकाशा बघून नाही.

याच मताला दुसऱ्या बाजूनेही पुरावा मिळतो. १९८० चा रेफ्युजी अ‍ॅक्ट (निर्वासितांचा कायदा) आल्यावर खाओ-इ-दांग वगैरे थायलंडमधल्या छावण्यांतून मोठ्या संख्येने लोक यायला लागले, तेव्हा लाँग बीचवर भार पडू नये म्हणून सरकारने १९८१ मध्ये मुद्दाम एक योजना काढून ख्मेर कुटुंबं बॉस्टन, डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा अशा बारा ठिकाणी नेऊन बसवली. तरीही पुढच्या काही वर्षांत यातली कितीतरी कुटुंबं सामान बांधून लाँग बीचला आलीच. मुलाखतींमध्ये कारणं तीच येतात: नातेवाईक, भात-मासळी मिळणारं दुकान आणि भिक्खू.

भिक्खू हे कारण बाहेरच्या माणसाला छोटं वाटेल, पण ते मध्यवर्ती आहे. ख्मेर रूज राजवटीत (१७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९) पंधरा ते वीस लाख माणसं मेली असा अंदाज आहे. भिक्खूंची चीवरं जबरदस्तीने उतरवली, विहारांची कोठारं आणि तुरुंग केले, आणि युद्धाआधी साठ हजारांच्या घरात असलेल्या भिक्खूंपैकी फार थोडे वाचले. म्हणजे जे लोक अमेरिकेत पोचले त्यांनी आई-बाप, मुलं गमावली होती आणि एकाचंही क्रियाकर्म केलेलं नव्हतं, कुठे पुरलं तेही बहुतेकांना माहीत नाही. थेरवाद या ख्मेरांच्या बौद्ध परंपरेत पुण्य करून ते मेलेल्याला अर्पण करायचं असतं आणि त्यासाठी भिक्खू लागतोच. सुरुवातीचे विहार भाड्याच्या घरांत होते. रविवारी शे-दीडशे माणसं, गाड्या, लाऊडस्पीकर, मग शेजाऱ्यांच्या तक्रारी. १९८० च्या दशकात समाजाने वर्गणी काढून विलो स्ट्रीटवरचा तेल आणि रसायन कामगारांच्या युनियनचा जुना हॉल घेतला. तोच ‘खेमरा बुद्धिकाराम’, लोकांच्या तोंडी ‘वाट विलो’ (ख्मेरमध्ये ‘वाट’ म्हणजे विहार). बाहेरून इमारत हॉलसारखीच, पण आत बुद्धमूर्ती, भिंतींवर बुद्धचरित्राची चित्रं आणि खाली पसरलेल्या चटया.

वर्षातले दोन सण मोठे. एप्रिलच्या मध्यावर नवं वर्ष, त्याला जोडून अ‍ॅनाहाईम स्ट्रीटवर २००५ पासून परेड निघायला लागली. आणि लगेच १७ एप्रिल, ख्मेर रूजची राजवट सुरू झाली तो दिवस, येतो, म्हणून आनंद आणि सुतक दोन्ही एकाच आठवड्यात. दुसरा फचुम बेन, भाद्रपदातला पंधरा दिवसांचा पितरांचा काळ. तो आपल्या पितृपक्षाशी जुळतो, शेवटचा दिवस बहुतेक वर्षी सर्वपित्री अमावस्येच्या एखाद्या दिवसाच्या आतबाहेर. टेबलावर भिक्षापात्रं ओळीने मांडलेली असतात, आणलेल्या डब्यातला भात लोक प्रत्येक पात्रात चमचाचमचा घालत पुढे सरकतात. म्हाताऱ्या बायका पांढरा ब्लाऊज घालून येतात, खांद्यावरून पांढरं उपरणं. आचार, म्हणजे विधी चालवणारा गृहस्थ, पाली पाठ सांगतो. त्रिशरण-पंचशील महाराष्ट्रातल्या विहारांत म्हणतात तेच, चाल तेवढी वेगळी. मग घरोघरचे लोक मृतांच्या नावांच्या याद्या पुढे करतात, नावं वाचली जातात, भांड्यातून पाण्याची धार सोडतात. काही याद्यांत पंधरा-वीस नावं असतात आणि बहुतेकांची मृत्युतिथी कुणालाच माहीत नाही. तिथी माहीत नसलेल्यांसाठीही चालतो म्हणूनच हा सण इथे इतका घट्ट धरून ठेवलाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजारपणाशीही विहाराचा संबंध आला. १९८० च्या दशकात लाँग बीच परिसरातल्या दीडशेच्या आसपास ख्मेर बायकांना दिसेनासं झालं, डोळ्यांत मात्र दोष नव्हता. पॅट्रिशिया रोझे आणि ग्रेचेन व्हॅन बोमेल या संशोधकांनी त्याचा संबंध त्यांनी डोळ्यांदेखत पाहिलेल्या हत्यांशी जोडला. असे लोक दवाखान्याआधी क्रू ख्मेर या पारंपरिक वैद्याकडे किंवा भिक्खूकडे जात, अंगावर मंतरलेलं पाणी, मनगटाला दोरा. वाट विलोचे कोंग छियान हे स्वतः भिक्खू आणि मानसशास्त्रज्ञही होते, त्यामुळे दोन्ही वाटा तिथे एकत्र आल्या.

सगळेच बौद्ध नाहीत. स्पॉन्सर बहुधा चर्चची मंडळी असायची, त्यामुळे ख्मेर बॅप्टिस्ट, कॅथलिक, मॉर्मन गट तयार झाले. माउंट कार्मेल हे कॅथलिक केंद्र त्यातलं जुनं. रविवारी सकाळी चर्च आणि दुपारी विहार असं करणारी कुटुंबंही आहेत आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. कंबोडियातल्या चाम जमातीचे मुसलमान लाँग बीचपेक्षा सांता आनात जास्त. चिनी-ख्मेर दुकानदारांच्या गल्ल्यामागे पूर्वजांचा देव्हारा दिसतोच.

इथे जन्मलेल्या मुलांना पाली सोडा, ख्मेरही नीट येत नाही. काही जण आजी-आजोबा गेल्यावर त्यांच्या पुण्यासाठी थोड्या दिवसांची प्रव्रज्या घेतात, म्हणजे भिक्खू होतात. अमेरिका आणि कंबोडिया यांच्यातल्या २००२ च्या करारानंतर गुन्हा नोंद असलेल्या तरुणांना, जे थायलंडच्या छावणीत जन्मले आणि कंबोडिया कधी बघितलाच नाही, त्यांनाही तिकडे पाठवायला सुरुवात झाली.

असाच मोठा समाज मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेलला आहे, ऱ्होड आयलंडमध्ये प्रॉव्हिडन्सलाही. अमेरिकेतले बरेच ख्मेर विहार उभे राहिले त्यामागे महाघोसानंद या कंबोडियन भिक्खूंची खटपट होती. ते बिहारमध्ये नालंदेला शिकलेले. त्यांचं जन्मवर्ष कुठे १९१३ तर कुठे १९२९ दिलेलं सापडतं. निधन मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनला १२ मार्च २००७ रोजी झालं.