आतड्याची सूज हृदयापर्यंत कशी पोचते, त्यामागची गोष्ट

मुंबईत एखाद्या पंचविशीतल्या पोराच्या छातीत दुखायला लागलं की घरचे पहिलं म्हणतात गॅस धरला असेल, जिरं-ओवा खा, आणि त्यात त्याला आधीपासून कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज, असेल तर मग कुणी वेगळा विचारच करत नाही, कारण पोटाचा पेशंट म्हणजे सगळी दुखणी पोटातूनच. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण आतड्याच्या जुन्या सुजेत, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्समध्ये, क्वचित हृदयाच्या स्नायूला किंवा हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येते. ती आजारामुळेही येते आणि आजारावरच्या गोळीमुळेही, आणि हा घोळ समजायचा तर थोडं मागे जावं लागतं.

लंडनच्या सॅम्युअल विल्क्सनी १८५९ मध्ये मोठ्या आतड्याच्या या सुजेचं वर्णन केलं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तिघांनी १९३२ मध्ये १४ पेशंटवरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला आजार मांडला आणि हा आतड्याचा टीबी नव्हे, वेगळंच काहीतरी आहे हे ठासून सांगितलं. आपल्याकडे तो टीबीचा प्रश्न अजून संपलेला नाही, परळला किंवा सायनला ओपीडीत बसलात तर आधी महिनोन्महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, घेऊन मग क्रोन्स निघालेले पेशंट भेटतात. हे सगळं गोऱ्या लोकांचे आजार असा समज बरीच वर्षं होता, २००३ साली पंजाबमधल्या पाहणीत लाखामागे ४४ च्या आसपास कोलायटिसचे पेशंट निघाले तेव्हा तो बराच ढिला झाला.

आता गोळीची गोष्ट, आणि मला वाटतं खरी मेख इथेच आहे. स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्झ नावाच्या डॉक्टर होत्या, त्या सांधेदुखीवर औषध शोधत होत्या. तेव्हा संधिवात जंतूंमुळे होतो असा समज होता, म्हणून त्यांनी सूज कमी करणारं सॅलिसिलेट जातीचं औषध आणि जंतू मारणारं सल्फा ही दोन्ही एकाच रेणूत जोडून घेतली आणि १९४० च्या सुमाराला सल्फासालाझिन तयार झालं. ज्या पेशंटना सांध्यांबरोबर कोलायटिसही होता त्यांचं पोट सुधारायला लागलं, आणि सांध्यांसाठी बनवलेलं औषध आतड्याचं मुख्य औषध होऊन बसलं. फक्त डोकं दुखणं, मळमळ, अंगावर पुरळ, पुरुषांत शुक्राणू कमी होणं हे त्रास बऱ्याच जणांना व्हायचे.

पुढे १९७७ मध्ये ऑक्सफर्डला आझाद खान (हे मूळचे बांगलादेशचे), पिरिस आणि ट्रूलव्ह यांनी एक साधा पण फार हुशारीचा प्रयोग केला. आतड्यातले जंतू सल्फासालाझिन तोडून त्याचे दोन तुकडे करतात हे माहीत होतं, मग त्यांनी ते तुकडे वेगवेगळे करून एनिमामधून दिले. सल्फाचा फारसा उपयोग झाला नाही, सॅलिसिलेटच्या तुकड्याने मात्र सूज उतरली. तोच तुकडा म्हणजे आजचं मेसालामाईन. त्रास बहुतेक सल्फामुळे होत होते, सल्फा काढून टाकलं, आणि नवी गोळी खरंच पुष्कळांना सोसली, आजही लाखो लोक ती बिनबोभाट घेतात आणि त्यांनी ती घाबरून बंद करायचं काही कारण नाही.

पण नंतर मेसालामाईन घेणाऱ्यांमध्येही हृदयाला सूज आल्याच्या केसेस छापून यायला लागल्या. पॅटर्न बराचसा सारखा, गोळी सुरू करून साधारण दोन ते चार आठवडे झालेले, ताप, छातीत दुखणं, कधी धाप, ईसीजी बदललेला, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलेलं, आणि अँजिओ केली तर हृदयाच्या नळ्या स्वच्छ. ही बहुधा ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया असते. गोळी थांबवली की बहुतेकांना थोड्या दिवसांत उतार पडतो, आणि नकळत परत दिली की दुखणं परत येतं, त्यावरूनच गोळीवरचा संशय पक्का झाला.

मग सगळा दोष गोळीचाच का? तसंही नाही. १९९७ मध्ये डेन्मार्कची १६ वर्षांची देशभराची आकडेवारी आली, त्यात आतड्याच्या या पेशंटमध्ये हृदयाच्या स्नायूची सूज इतरांपेक्षा जास्त दिसली, जरी एकूण केसेस कमीच होत्या. शिवाय गोळी कधीच न घेतलेल्यांमध्येही असं झाल्याच्या नोंदी आहेत. ते पटण्यासारखं आहे, कारण हा आजार सांधे, डोळे, कातडी, पित्तनलिका सगळीकडे हात पोचवतो, हृदयच तेवढं कसं सुटेल. अडचण अशी की आजार उसळला की गोळी सुरू होते किंवा डोस वाढतो, म्हणजे दोन्ही संशयित एकाच वेळी हजर, आणि कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरला काही तासांत ठरवायचं असतं. एमआरआयने स्नायूची सूज दिसते, पण ती कुणामुळे आली हे एमआरआय सांगत नाही. म्हणून व्यवहारात गोळी आधी थांबवतात आणि बघतात, गरज पडली तर स्टिरॉइड देतात, कधीकधी दोन्ही कारणांवर ते चालतं.

एकदा गोळीमुळे असं झालं असेल तर ऑक्सफर्डचा तो प्रयोग घरच्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. सल्फासालाझिन किंवा बालसालाझाइड दिलं तरी आतड्यात सुटून निघणार तो तुकडा तोच, नाव वेगळं असलं तरी, आणि एनिमात किंवा खालून ठेवायच्या गोळीतही तोच असतो. त्यामुळे मुंबईत जसं होतं तसं, सरकारी हॉस्पिटलातून प्रायव्हेटला, तिथून गावाकडच्या डॉक्टरकडे फाइल फिरते तेव्हा पहिल्या पानावर मेसालामाईन हे औषधाचं मूळ नाव ठळक लिहून घ्यायचं, दुकानातलं ब्रँडचं नाव नव्हे.