द्रवातील बुडबुडे आणि गुरुत्वाकर्षण

द्रवातला बुडबुडा वर का येतो? ‘हवा हलकी म्हणून’ हे उत्तर अर्धेच आहे. गुरुत्वामुळे द्रवाच्या वरच्या थरांचा भार खालच्या थरांवर पडतो आणि खोलीबरोबर दाब वाढत जातो. पाण्यात दर १० मीटरला सुमारे १ वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका. त्यामुळे बुडबुड्याच्या तळाशी दाब थोडा जास्त आणि माथ्याशी थोडा कमी असतो. हा फरक त्याला वर ढकलतो. यालाच प्लावक बल म्हणतात. गुरुत्व जाणवेनासे झाले की हलकेपणाला दिशाच उरत नाही.

पुढचे सगळे आकारावर अवलंबून. ०.१ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला जेमतेम ५ मिलिमीटर चढतो. इतक्या लहान आकारात व्यास दुप्पट झाला की वेग चौपट होतो. त्यापुढे हा नियम मोडतो. काही मिलिमीटरचे बुडबुडे चपटे होऊन नागमोडी किंवा मळसूत्री वाटेने, सेकंदाला २०–२५ सेंटिमीटर वेगाने वर येतात. कित्येक सेंटिमीटरचा बुडबुडा छत्रीसारखा पसरतो.

अरुंद नळीत मात्र पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आक्रसू पाहणारा ताण, वरचढ ठरतो. एका टोकाला बंद असलेल्या, सुमारे ५ मिलिमीटरपेक्षा कमी आतील व्यासाच्या उभ्या नळीत पाण्यातला नळीभर बुडबुडा जागचा हलत नाही. तो काढायला नळी नुसती उभी धरून भागत नाही. द्रवाचा प्रवाहच सोडावा लागतो.

गुरुत्वाचे खरे मोल उकळताना कळते. तापलेल्या तळावर वाफेचा बुडबुडा पृष्ठताणामुळे चिकटून फुगतो. काही मिलिमीटरचा झाल्यावर त्याची मान आवळत जाते, तो सुटतो आणि रिकाम्या जागी थंड द्रव धावतो. तळ जळत नाही तो या अदलाबदलीमुळे. कक्षेतल्या यानात बुडबुडे सुटत नाहीत. एकमेकांत मिसळून तळावर वाफेची चादर पसरते आणि तापक जळू शकतो. तिथे बुडबुडे मग गरम बाजूकडे सरकू लागतात, कारण तापलेल्या बाजूचा पृष्ठताण कमी असतो. पृथ्वीवर ही हालचाल प्लावक बलापुढे सहसा झाकली जाते.

अवकाशात रॉकेटचे इंजिन पुन्हा पेटवतानाही हीच अडचण. इंधनात वायू विखुरलेला राहिला तर पंपात शिरतो. म्हणून आधी छोटे थ्रस्टर, म्हणजे यानाला हलका धक्का देणारी लहान इंजिने, काही काळ चालवतात. त्या अल्प त्वरणाने द्रव टाकीच्या निर्गमाकडे बसतो आणि वायू विरुद्ध टोकाला जातो.