बुळकांडी, उधारी आणि हेरेरोंचा उठाव

१२ जानेवारी १९०४ रोजी जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, ओकाहांजा इथे हेरेरो लोकांनी शस्त्रं उचलली. जर्मनांनी जमिनी बळकावल्या म्हणून, हे कारण खरंच आहे. पण त्या इतक्या झपाट्याने का गेल्या हे समजायचं तर सात वर्षं मागे, एका विषाणूकडे जावं लागतं.

तो बुळकांडीचा विषाणू, गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग. जनावराला ताप येई, तोंडात व्रण पडत, मग जुलाब, आणि आठवडा-दीड आठवड्यात ते दगावे. सहाराच्या दक्षिणेकडच्या गुरांमध्ये प्रतिकारशक्ती नव्हतीच, त्यामुळे कळपच्या कळप संपत. १८८७च्या सुमारास हा रोग लाल समुद्राच्या किनाऱ्यावर उतरला. इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर आला असं मानतात. १८९७ साली तो हेरेरोंच्या कुरणांत पोचला.

हेरेरोंचं अन्न म्हणजे आंबवलेलं दूध, संपत्ती म्हणजे गुरं, आणि पूर्वजांच्या पवित्र अग्नीसाठी राखलेली गुरं तर विकायचीही नसत. त्यांचे बहुतेक कळप मेले. जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीत, रोगी जनावराचं पित्त टोचून निरोगी गुरं वाचवण्याची पद्धत नुकतीच काढली होती. (तिथूनच ते प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईला आले.) लस धोक्याची होती, तरी गोऱ्या वसाहतवाल्यांची गुरं तिच्यामुळे बऱ्याच प्रमाणात वाचली. साथ ओसरली तेव्हा विकायला गुरं होती ती त्यांच्याकडे.

मग माणसांत तापाची साथ आली. हेरेरोंनी कुरणं विकली, मजुरी धरली, उधारी केली. व्यापारी मनमानी भाव लावत आणि वसुलीला उरलीसुरली गुरं हाकून नेत. १९०३ साली सरकारने फर्मान काढलं: वर्षभरात वसूल न झालेली उधारी बुडीत. हेतू हेरेरोंना सोडवण्याचा होता, पण मुदत संपण्याआधी व्यापारी वसुलीसाठी तुटून पडले. माझ्या मते ठिणगी इथे पडली. त्यात नव्या ओटावी रेल्वेसाठी जमिनीची मागणी, हेरेरोंसाठी राखीव टापू आखण्याचा बेत, आणि हेरेरोचा खून करणाऱ्या गोऱ्याला नाममात्र शिक्षा देणारी न्यायालयं.

हेरेरोंचे प्रमुख सॅम्युएल माहारेरो यांनी बायका, मुलं आणि मिशनऱ्यांना हात लावू नका असं बजावलं होतं. जर्मन सेनापती फॉन ट्रोथाने मात्र २ ऑक्टोबर १९०४ रोजी हेरेरोंच्या संहाराचाच हुकूम काढला, आणि हजारो जण ओमाहेकेच्या वाळवंटात तहानेने मेले.

बुळकांडीने पूर्व आफ्रिकेतल्या मसाई लोकांचे कळपही असेच संपवले होते, पण तिथे असा उठाव झाला नाही. विषाणूने हेरेरोंना कंगाल केलं. बंदुकीपर्यंत नेलं ते वसुलीने आणि न्यायालयांनी.