नवव्या गाण्यातलं खट

पसरणी घाट चढताना गाडीत क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा 'ग्रेटेस्ट हिट्स' लावला होता. नववं गाणं, 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह', सुरू होऊन मिनिटभर झालं असेल, तोच मागच्या सीटवरून धाकटी बहीण म्हणाली, "खट!" माझ्याही डोक्यात नेमकं त्याच जागी खट झालं होतं. भाचा विचारत राहिला, "आई, खट म्हणजे काय?" गाणं तर पुढं व्यवस्थित चालूच होतं.

ते खट आमच्या साताऱ्यातल्या घरच्या टेपचं. १९९२ साली मी अकरावीत असताना मुंबईच्या आत्तेभावानं ६० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर हा संग्रह भरून दिला. ऑक्टोबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेला हा अल्बम तिथं ७० लाखांहून जास्त खपला आहे, इतका दुसरा कुठलाच अल्बम त्या देशात खपलेला नाही. गाणी १७, वेळ साधारण ५८ मिनिटं. हिशेब बसतोय म्हटल्यावर भावानं ओळीनं गाणी भरत नेली. पण कॅसेटला बाजू दोन, आणि एका बाजूला जागा ३० मिनिटांची. पहिल्या आठ गाण्यांतच २९ मिनिटं जातात. नववं सुरू होतं, मिनिटभरात फीत संपते आणि टेपचं बटण आपोआप वर उडतं. उरलेलं गाणं ऐकायला कॅसेट उलटी घालायची.

एवढ्या वर्षांनी, त्या टेपचा मागमूस नसताना, दोन वेगवेगळ्या डोक्यांत ते बटण एकाच क्षणी का उडावं?

जुन्या गाण्यांच्या ओढीला आपण स्मरणरंजन म्हणतो. मला हा शब्द अपुरा वाटतो, त्यात नुसतं रंजन आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १६८८ मध्ये बाझल इथं 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला, तो घरी परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून. परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना होणारा तो आजारच आहे, असं तो मानत होता. आपल्याकडची 'हुरहूर' त्याच्या जास्त जवळची.

या हुरहुरीला ठरावीक वय असतं. उतारवयातल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. आलेख काढला की तिथं उंचवटा दिसतो. संगीताच्या आवडीचंही तसंच. हॉलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलं, की माणसाला सरासरी साडेतेवीस वर्षांचा असताना गाजत असलेली गाणी सगळ्यात जास्त भावतात. या वयात पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी फार असतात आणि आपण कोण, हे याच काळात ठरत असतं, अशी कारणं दिली जातात. मला त्यात आमचं एक साधं कारण जोडावंसं वाटतं. घरात इंग्रजी कॅसेट एकच होती. लाइट गेली की सेल घालून तीच, पावसाळ्यात घराबाहेर पडता येईना की तीच. शेकडो वेळा, आणि प्रत्येक वेळी त्याच क्रमानं.

हा क्रम फार महत्त्वाचा. गणपतीत गणपतीची आरती संपली की पुढं शंकराची घ्यायची की देवीची, हे घराघराचं ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या घरी गेलं की टाळ्या चालू असताना आपलं तोंड भलत्याच आरतीला लागतं. विचार करून कुणी ते करत नाही, आधीच्या आरतीची शेवटची ओळच पुढचीला ओढून आणते. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये हेच मेंदूच्या स्कॅनरमध्ये पाहिलं. लोकांना त्यांच्याच आवडत्या सीडीतल्या गाण्याचा शेवट ऐकवायचा आणि मग काही सेकंद काहीच वाजवायचं नाही. त्या शांततेत मेंदूचा पुढचा भाग कामाला लागलेला दिसला, आणि त्यातही हालचालींची आखणी करणारा प्रीमोटर भाग. अनोळखी क्रमाच्या वेळी तसं झालं नाही. म्हणजे ओळखीच्या अल्बममधली दोन गाण्यांच्या मधली जागा कानाला रिकामी असली, तरी डोक्यात रिकामी नसते. तिथं पुढचं गाणं आधीच उभं राहिलेलं असतं.

आमच्या कॅसेटवर तर ते खरोखरच ऐकू यायचं. तिसरं गाणं विरत जातं आणि चौथं कुठल्याही वाद्याशिवाय, अनेक आवाजांनी एकदम उसळतं. त्या उसळीच्या थोडं आधी, शांततेत, तेच आवाज अगदी बारीक, विहिरीच्या तळातून आल्यासारखे ऐकू यायचे. कित्येक वर्षं मला वाटायचं, की गाणं पाठ झाल्यामुळं मला भास होतोय. तो भास नव्हता. कॅसेटची फीत म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची पूड चढवलेली प्लॅस्टिकची पट्टी. आवाज त्या कणांच्या चुंबकत्वात साठतो. ६० मिनिटांच्या कॅसेटची फीत जेमतेम १६ मायक्रॉन जाड असते आणि चक्रीवर तिचे वेढे एकमेकांना चिकटून महिनोन्‌महिने पडून राहतात. एका वेढ्यातलं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर किंचित उमटतं. वहीत शाईनं लिहून पान लगेच मिटलं की समोरच्या पानावर अक्षरं उठतात, तसंच. याला प्रिंट-थ्रू म्हणतात. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळते, त्या हिशेबानं चक्रीवरचा एक वेढा दीड ते तीन सेकंदांचा भरतो, आणि तेवढाच आधी हा बारीक आवाज येतो. एरवी तो गाण्याखाली दडून जातो, पण आधी शांतता असेल तर उघडा पडतो. एवढ्या जाडीच्या फितीवर सगळ्यात ठळक उमटतात ते माणसाच्या गळ्याच्या पट्टीतले सूर. चौथ्या गाण्यालाच तो का ऐकू यायचा, ते मला हे वाचल्यावर उलगडलं. पुढच्या आवाजाची चाहूल आधीच्या शांततेत लागणं, हे फितीतही घडत होतं आणि डोक्यातही.

आता खटाकडं येतो. संगीत ऐकताना मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या व्हॅलोरी सालिमपूर आणि रॉबर्ट झातोरे यांच्या गटानं २०११ मध्ये दाखवलं, की अंगावर शहारा आणणारा क्षण येण्याआधीच, नुसत्या वाट पाहण्यातच, मेंदूतल्या कॉडेट या भागात डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि प्रत्यक्ष त्या क्षणी दुसऱ्या एका भागात, न्यूक्लियस अ‍ॅकम्बेन्समध्ये. अंदाज बांधणाऱ्या या यंत्रणेला मूळ गाणं कुठलं आणि कॅसेट भरतानाची चूक कुठली, हे कळत नाही. जे शेकडो वेळा घडलं, ते तिच्या दृष्टीनं गाण्याचाच भाग. आम्हा दोघांच्या डोक्यात नववं गाणं मिनिटभराचंच आहे.

सुरांच्या पट्टीचंही तेच झालं. आमच्या टेपची मोटर जरा जास्त पळायची. गती सहा टक्क्यांनी वाढली की सूर बरोबर अर्धा स्वर वर चढतो. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची सुरुवात मुळात काळी पाचची, बहीण मात्र आजही भांडी आवरताना ती अर्धा स्वर वरच्या पांढरी सातमध्ये गुणगुणते. पेटीवर पडताळून पाहिलंय मी. तिला स्वरज्ञानाचं कसलंही शिक्षण नाही. पण मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ मध्ये ४६ जणांना आवडतं गाणं आठवून गायला सांगितलं होतं, तेव्हा सुमारे ४० टक्के लोकांनी दोनपैकी किमान एका प्रयत्नात रेकॉर्डवरचाच सूर लावला. पट्टी स्मरणात असते, आपण ती कधी तपासत नाही इतकंच.

घाट संपला की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा वसतिगृहात राहत होता. १९५८ मध्ये, बारा वर्षांचा असताना, शाळेतल्या मित्रांबरोबर तो 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये पियानो वाजवायचा. पुढं तोच क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी. आठवणींचा तो उंचवटा जिथून चढायला लागतो, ती त्याची वर्षं आपल्या जिल्ह्यातल्या या पठारावर गेली. नोव्हेंबर १९९१ मध्ये तो गेला आणि त्यानंतर काही महिन्यांनी ती कॅसेट आमच्या घरी आली. साताऱ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर हा आवाज वाढला, हे आम्हाला तेव्हा कुणीच सांगितलं नाही. आजही त्या शाळेवरून जाताना मला त्याचं वाईट वाटतं.

घाटातून आल्यावर माळ्यावरची ती कॅसेट शोधून काढली आणि पोवई नाक्यापलीकडं राहणाऱ्या, चांगला डेक सांभाळून असलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून तिची संगणकावर फाइल करून घेतली. गाण्यांच्या मधला आवाज साफ करून देतो, असं तो म्हणत होता. मी नको म्हटलं.

रात्री तिघं बसून ऐकलं. पहिल्या दोन ओळींतच बहीण म्हणाली, "दादा, हे जड वाटतंय रे." वाटणारच, त्याचा डेक योग्य गतीनं चालतो. चौथ्या गाण्याआधी विहिरीतले आवाज आले, आधीपेक्षा ठळकच. मग नववं लागलं, मिनिटभर चाललं आणि शब्द अर्धा असताना तुटलं. पुढं नुसती शांतता. बटणाचा आवाज फितीवर कधी नव्हताच, तो टेपचा होता. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो आणि ज्यानं तो टेप कधी पाहिलाही नाही, तो भाचा म्हणाला, "खट."