युरियाला कडुनिंबाचं तेल का लागलं?

जुलैत आवणी (भाताची लावणी) उरकते, पाऊस चार दिवस उघडीप देतो, खाचरातलं पाणी आटतं आणि पुन्हा मुसळधार सुरू होते. मुरबाड-शहापूरकडच्या भातशेतीत टाकलेला बराच युरिया याच उघडझापीत हातचा जातो.

युरियाचा आधी अमोनियम, म्हणजे नत्राचं एक रूप, होतो. त्यावर धन प्रभार असल्याने चिकणमाती त्याला धरून ठेवते. पाणी आटून जमिनीत हवा शिरली की जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटला माती धरत नाही, ते पाण्याबरोबर निघून जातं. खाचर पुन्हा भरलं की उरलेल्याचा वायू होतो. त्यातला नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापमानवाढ करतो.

अमोनियमचं नायट्रेट करणारे हे जिवाणू रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास वेगळे करून दाखवले. त्यांना काही आठवडे थोपवणारं नायट्रापायरिन हे रसायन 1962 मध्ये अमेरिकेत पुढे आलं. आपल्याकडे या जिवाणूंना थोपवणारं उत्तर कडुनिंबाच्या झाडात सापडलं. 1970 च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. राजेंद्र प्रसाद आणि सहकाऱ्यांनी निंबोळी पेंडीचं लेपण दिलेला युरिया भातावर तपासला. आपल्या खाडीकाठच्या करंजाच्या बियांतलं करंजिनही हेच काम करतं, त्याच्याकडे मात्र फारसं कुणी वळलं नाही.

2015 मध्ये देशात बनणारा सगळा युरिया निमलेपित करणं सक्तीचं झालं. अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळू नये, हाही त्यामागचा हेतू होता. मात्र प्रमाण बघा: किमान 0.035 टक्के तेल, म्हणजे 45 किलोच्या गोणीत जेमतेम 16 ग्रॅम. जुन्या शिफारशीत पाच भाग युरियाला एक भाग पेंड होती. एवढ्याशा तेलावर कोकणच्या पावसात फार भिस्त ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय अमोनियम नुसतं टिकवूनही भागत नाही. साचलेल्या पाण्यात वरून फेकलेल्या युरियाचा अमोनिया हवेत उडतो, आणि तिथे निंबाचा उपयोग नाही. म्हणूनच डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत युरिया आणि डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) या खतांच्या गोळ्या आहेत. चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल चिखलात, आवणीच्याच दिवशी दाबायची. तिथे हवा पोहोचत नाही, त्यामुळे ते जिवाणूही थंडच राहतात.