पार्श्वभूमी : कॉल कधी तुटला, हे ठरवायचे कोणी?

मुलुंड-ऐरोली पुलावर रेंज पूर्ण दिसत असूनही आवाज तुटतो, तेव्हा दोष सिग्नलच्या ताकदीत असेलच असे नाही. खाडीच्या पाण्यावर आडोसा नसल्याने दोन्ही काठांवरच्या अनेक टॉवरांचे सिग्नल तेथे पोहोचतात आणि एकमेकांना बाधतात. ताकद आणि दर्जा वेगळे असतात, हे मोबाइल यंत्रणेला टप्प्याटप्प्यानेच उमगत गेले.

1983 मध्ये शिकागोत सुरू झालेल्या अमेरिकी सेवेत सगळे मोजमाप टॉवरच करीत. हँडसेटचा सिग्नल क्षीण झाला की शेजारच्या टॉवरांकडे विचारणा होई आणि कॉल कोणाकडे सोपवायचा ते एक्स्चेंज ठरवी. हँडसेटला कोणता टॉवर कसा ऐकू येतो, याची दखल या निर्णयात नव्हती. 1991 मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या जीएसएम या डिजिटल यंत्रणेने हे काम हँडसेटवरही सोपवले. कॉल चालू असताना तो दर 480 मिलिसेकंदांनी अहवाल पाठवतो. त्यात चालू टॉवरची पातळी 0 ते 63 या मापात, चुकलेल्या बिटांवरून काढलेला दर्जा 0 ते 7 या मापात आणि जास्तीत जास्त सहा शेजारी टॉवरांची पातळी असते. शेजाऱ्यांचा दर्जा मात्र त्यात नसतो, आणि खाडीवर नेमकी हीच उणीव भोवते.

भारतात पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. पुढे 2002 च्या अखेरीस, कोपरखैरण्यात मोठे संकुल असलेल्या रिलायन्सने सीडीएमए या वेगळ्या तंत्राची सेवा आणली. त्यात सगळे हँडसेट एकाच पट्ट्यात बोलत असल्याने जवळच्याचा आवाज दूरच्याला बुडवू नये म्हणून त्यांची शक्ती सेकंदाला 800 वेळा कमीजास्त केली जाई.

कॉल तुटण्याचा प्रश्न गाजला तो 2015 मध्ये, दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन कॉलपर्यंत, भरपाईचा नियम केला तेव्हा. मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याच काळात जीएसएममधील एक साधा गणक (काउंटर) चर्चेत आला. टॉवरकडून नियंत्रण वाहिनीवर येणारा संदेश वाचता आला नाही की हँडसेट या गणकातून एक वजा करतो, वाचता आला की ठरलेल्या कमाल आकड्यापर्यंत दोन मिळवतो, आणि शून्य झाले की कॉल तोडतो. हा कमाल आकडा 4 ते 64 या मर्यादेत कंपनी ठरवते. तो 64 ठेवला, तर सिग्नल पूर्ण गेल्यावरही कॉल सुमारे 30 सेकंद नावापुरता जिवंत राहतो. तेवढ्यात कंटाळून ग्राहकानेच फोन ठेवला, तर तो तुटलेल्या कॉलमध्ये मोजला जात नाही.