डिझेल गाड्यांचा टर्बो लॅग आणि त्यावरील उपाय : सीमाभागातील पार्श्वभूमी

गोव्याहून चोर्ला किंवा अनमोड घाट चढून बेळगावकडे येणाऱ्या भरलेल्या गाडीला प्रत्येक नागमोडी वळणावर वेग मोडावा लागतो. वळण संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबला तरी दोन-तीन सेकंद ती उचलत नाही आणि मग एकदम झेप घेते. या विलंबालाच टर्बो लॅग म्हणतात. आंबोलीच्या चढणीवरही हाच अनुभव येतो. ‘पिकअप नाही’ अशी तक्रार घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गॅरेजांत येणाऱ्या गाड्यांत सीमेपलीकडच्या चंदगड, गडहिंग्लजच्या गाड्याही असतात. त्यामुळे टर्बोची सुधारणा हा या पट्ट्यात हौशी लोकांपुरता विषय कधीच नव्हता.

इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवून हवा दाबून आत भरण्याच्या कल्पनेचे, म्हणजेच टर्बोचे, पेटंट एका स्विस अभियंत्याने 1905 साली घेतले. 1920 च्या दशकात ती जहाजांच्या डिझेल इंजिनांत उतरली, पुढे ट्रकमध्ये आली आणि टर्बो डिझेल मोटारीचे कारखान्यातील उत्पादन 1978 मध्ये सुरू झाले. जहाजाचे इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने चालत असल्यामुळे तेथे विलंबाचा प्रश्न फारसा जाणवत नव्हता. तो रस्त्यावर, आणि त्यातही घाटरस्त्यावर, ठळक झाला.

या विलंबाची कारणे दोन असून गॅरेजमधल्या चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. इंजिन मिनिटाला 1,200 फेऱ्यांवर असताना टर्बो फिरवण्याइतका धूरच निर्माण होत नाही. ही खऱ्या अर्थाने टर्बोची दिरंगाई नव्हे, तेथे खालचा गिअर टाकणे हाच उपाय असतो. फेऱ्या पुरेशा असूनही टर्बोच्या चाकाला गती घ्यायला लागणारा वेळ हा खरा लॅग होय. तो चाकाच्या जडत्वावर, तसेच टर्बोपासून इंटरकूलरमार्गे (दाबलेली हवा थंड करणारा भाग) इंजिनापर्यंतच्या नळ्यांत मावणाऱ्या हवेच्या आकारमानावर अवलंबून असतो. एकाच घडणीच्या चाकाचा व्यास 10 टक्क्यांनी कमी केला, तर जडत्व सुमारे 40 टक्क्यांनी घटते. लहान टर्बो लवकर जागा होतो तो यामुळे, मात्र वरच्या फेऱ्यांवर त्याचा दम संपतो.

सीमाभागातला या विषयाचा इतिहास प्रत्यक्षात गेल्या पंचवीसेक वर्षांचा आहे. 1994 मध्ये आलेल्या सुमोचे 2 लिटरचे इंजिन टर्बोविना होते. ते मंद होते, पण त्याचे वागणे सरळ होते. 2002 मध्ये स्कॉर्पिओ आली आणि टर्बो, इंटरकूलर हे शब्द गावोगावच्या चालकांच्या तोंडी बसले. त्या काळच्या यांत्रिक पंपांच्या टर्बो इंजिनांत डिझेलच्या पंपावर एक पडदा बसवलेला असे. टर्बोचा दाब तयार होईपर्यंत तो डिझेल रोखून धरी, कारण डिझेल इंजिनात हवा कमी आणि इंधन जास्त झाले की काळा धूर निघतो. पंपाचे काम करणाऱ्या कारागिरांनी या पडद्याचा स्क्रू फिरवून सुरुवातीचे डिझेल वाढवण्याची युक्ती रूढ केली. गाडी लवकर उचलू लागे हे खरे, पण हवा होती तेवढीच राही. माझ्या मते पुढच्या बहुतेक घोळाचे मूळ या सवयीत आहे : लॅग हा हवेचा प्रश्न असताना त्याचे उत्तर इंधनात शोधले गेले.

2007 नंतर लहान मोटारींत इटालियन बनावटीचे 1.3 लिटरचे कॉमन रेल (एका सामाईक नळीतून उच्च दाबाने, संगणकाच्या नियंत्रणाखाली डिझेल फवारणारे) इंजिन सर्वदूर पसरले. त्याच्या 75 अश्वशक्तीच्या रूपात साध्या, स्थिर घडणीचा टर्बो होता, 190 न्यूटन-मीटरचा जोर 2,000 फेऱ्यांवर मिळत असे आणि त्याखाली गाडी अगदी रिकामी वाटे. 90 अश्वशक्तीच्या रूपात धुराची वाट अरुंद-रुंद करणाऱ्या हलत्या पात्यांचा टर्बो होता आणि जोर 1,750 फेऱ्यांवरच हाती येई. दुसऱ्याचा टर्बो पहिल्याला बसवावा हा विचार त्यातूनच सुचणारा होता. ओतकाम आणि यंत्रकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फ्लँज (जोडाची चकती) किंवा नळी घडवून घेणे अवघड नव्हते. अडचण वेगळीच होती : पात्यांना केव्हा किती हलायचे हे सांगणारी आज्ञावली मूळ ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, नसते. ती न बदलता बसवलेला टर्बो मूळच्यापेक्षा वाईट चालतो. म्हणून रिमॅप, म्हणजे ही आज्ञावली बदलणे, आले, आणि रिमॅपबरोबर कायद्याचा प्रश्न आला.

हा प्रश्न वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील चुकीचा ठरेल असा बदल पूर्वपरवानगीशिवाय करता येत नव्हता, म्हणजेच परवानगी घेऊन बदल करण्याची वाट उघडी होती. 2000 च्या दुरुस्तीनंतर मोजपट्टीच बदलली आणि उत्पादकाने मुळात जे नमूद केले त्याच्याशी विसंगत ठरणारा बदल निषिद्ध झाला. अपवाद ठेवला तो मुख्यतः सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा पर्यायी इंधनांच्या किटसाठी. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात मात्र ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा फेरफार की ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप पालटते, असे म्हटले आहे. केरळमधील एका वादात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाला प्राधान्य दिले, आणि त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने मालकाने केलेल्या अवैध बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली.

टर्बो यात कोठे बसतो? एक बाजू म्हणते की प्रमाणपत्रात इंजिन क्रमांक, घनक्षमता आणि इंधन लिहिलेले असते, टर्बोचा उल्लेखही नसतो, मग विसंगती कशाशी? दुसरी बाजू म्हणते की वाहनाला मान्यता मिळते ती उत्सर्जनाच्या चाचणीसह, आणि टर्बो व ईसीयूतील आज्ञावली हे त्या मान्यतेचेच भाग आहेत. कायद्याच्या भाषेत दुसरी बाजू बळकट आहे हे मान्य करावे लागते. तरीही घाटात वळणावर गाडी सुरक्षित उचलावी म्हणून केलेली सुधारणा आणि निव्वळ अश्वशक्तीसाठी केलेली वाढ यांना हा कायदा एकाच मापाने मोजतो, हे खटकते. जळालेल्या टर्बोत वेगळ्या मापाचे कार्ट्रिज (चाके व दांडा असलेला आतला गाभा) बसवले, तर ती दुरुस्ती की बदल, याचाही थेट खुलासा कलमात नाही.

व्यवहारात निवाडा पीयूसी (प्रदूषण तपासणी) केंद्रावर होतो. डिझेल गाडीची चाचणी जागेवर उभी ठेवून ॲक्सिलरेटर झपकन दाबून होते, म्हणजे लॅगच्या नेमक्या क्षणी धूर मोजला जातो. भारत स्टेज 4 या उत्सर्जन मानकाच्या गाड्यांना धुराच्या दाटपणाची 50 आणि त्याआधीच्यांना 65 एककांची मर्यादा आहे. 2010 मध्ये पुणे, सोलापूर, बंगळूरला स्टेज 4 लागू झाला तेव्हा बेळगाव स्टेज 3 वर राहिले, तो येथे सक्तीचा झाला 2016 मध्ये. परिणामी एकाच घाटात, एकाच वर्षीच्या गाड्या वेगवेगळ्या मर्यादांखाली धावत राहिल्या.

एप्रिल 2020 पासूनच्या स्टेज 6 ने डिझेलमधील गंधक 50 वरून 10 पीपीएमवर (दहा लाख भागांतील प्रमाण) आणले, आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला. सुरुवातीचे डिझेल वाढवण्याची जुनी युक्ती येथे चालत नाही, कारण वाढीव काजळीने फिल्टर तुंबतो. वापरलेल्या गाड्यांत आढळणारा लॅग पुष्कळदा मूळ रचनेचा नसतोच. इंटरकूलरची फाटलेली नळी, काजळीने अडकलेली पाती किंवा ती हलवणाऱ्या ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम नेणारी चिरलेली बारीक नळी एवढेच कारण निघते. ते दूर केल्याने गाडी उत्पादकाच्या तपशिलाकडे परत जाते, त्यामुळे या कामाला कलम 52 ची आडकाठी येत नाही.